आईच्या धोंडसाचं सॅम्पल

बायको गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी पडवीत तवसं टांगली. तवसं म्हणजे पिकून पिवळ्या पडलेल्या जाडजूड काकड्या. वाशाला बांधून ठेवल्या की चांगल्या टिकतात. मी स्टुलावर, ती खाली स्टूल धरून. गाठ नीट मारा, कुणाच्या टाळक्यात पडंल, असं तिचं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी चहा ठेवायला उठली, चुलीपाशी बसली, ती बसलीच. तवसं राहिली वर.

त्या तवशांचं ती धोंडस करायची. तवसं किसायचं, तांदळाचा रवा, गूळ, वेलची, खोबरं घालायचं, टोपात भरून खाली निखारे आणि झाकणावर निखारे. केकच म्हणा, पण केकला लाज वाटेल असा. तर ती तवसं वाया जाऊ नयेत म्हणून आमचा विलास पुढे सरसावला, आणि माझ्या घराची फॅक्टरी झाली.

विलास माझा एकुलता एक. मोहोपाड्याला केमिकल कंपनीत लॅबमध्ये आहे. हा माणूस कशाचाही वास नाक लावून घेत नाही. वस्तू लांब धरतो आणि हाताने वारा घातल्यासारखा वास आपल्याकडे ओढतो. लॅबमध्ये म्हणे तसंच करतात, नाहीतर नाक जळतं. कबूल. पण चहाने कुणाचं नाक जळलंय? लग्नासाठी मुलगी बघायला गेला तेव्हा पोह्यांवर असाच हात फिरवला. पोरीला वाटलं माशी हाकलतोय. तरी तिने होकार दिला. सून सोशिक आहे, पण धोंडसाच्या दिवशी ती इकडे भिसेगावला माझ्याकडे पाऊल टाकत नाही. शहाणी आहे.

सुट्टी आली की हा मोटारसायकलवर हजर. पाठीला पिशवी, पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर आणि लॅबमध्ये डोळे झाकायला लावतात तो चष्मा. तवसं किसताना चष्मा. तवशाने आजवर कुणाच्या डोळ्यावर हल्ला केल्याचं मी ऐकलं नाही.

पहिल्यांदा घरूनच ओव्हनमध्ये करून आणलं, तेही बाजारातल्या कोवळ्या काकडीचं. टांगलेली तवसं म्हणे ट्रायलमध्ये कशी खर्चायची. डबा उघडला तर आत लापशी. मी म्हटलं, चमचा दे, का पेला देतोस? त्याने एका कागदावर 'फेल' लिहून तो डब्याला चिकटवला. मग आला चुलीवर.

पुढचं भांडण प्रमाणावरून. आय किती रवा घालायची? मूठभर, मी म्हटलं. किती मुठी? अंदाजाने. तर या गड्याने माझी मूठ रव्यात घालून काट्यावर तोलली. मग म्हणाला, आयची मूठ लहान होती. ट्रंकेतून तिची बांगडी काढली, माझ्या हाताला लावून बघितली, माझ्या मुठीतला रवा थोडा कमी केला. बांगडी परत ठेवताना ट्रंकेतल्या लुगड्यांवरून एकदा हात फिरवला, तसाच, वास ओढतात तसा. मी बाहेर जाऊन कोंबड्यांना दाणे टाकले.

चव घ्यायला मी. दुसरं आहे कोण? तो बशी पुढे ठेवायचा आणि समोर उकिडवा बसायचा, परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखा. मी खायचो आणि म्हणायचो, नाय.

"काय कमी हाय, सांगा ना बाबा."

"मला काय म्हाईत? हे नाय, एवढं म्हाईत."

तो चिठ्ठीवर 'फेल' लिहायचा. वाशाला एकच तवसं उरलं.

ते त्याने परवा उतरवलं. टोप चुलीवर गेला, निखारे मोजूनमापून रचले, थर्मामीटर लावलं. आणि कंपनीतून फोन आला. कुठलीतरी टाकी बिघडली होती. हा अंगणात येरझाऱ्या घालत साहेबाला समजावत होता, इकडे टोपाखालचे निखारे पेटले. मला करपल्याचा वास आला. मी नाकाने घेतला.

तो धावत आला, झाकण काढलं, टोप उचलला आणि मागच्या दाराने निघाला, ओतून द्यायला. त्याचा नियम आहे, एक डाग दिसला की सगळा लॉट फेल. मी म्हटलं, आण हिकडं. उलथण्याने बुडाची खरवड काढली. काळी, कडू, गूळ डांबरासारखा चिकटलेला. तोंडात घातली.

"हेच," मी म्हटलं.

त्याने माझ्या हातातून उलथणं घेऊन चाखलं. "हे जळलंय, बाबा."

"मग तुझ्या आयनं कधी न जळलेलं केलं का रं? टोप चुलीवर ठेवायचा नि शेजारणीकडं जाऊन बसायचं."

"मला कधी जळलेलं नाय मिळालं."

कसं मिळेल? मधलं मऊ त्याला, कडेचं पाहुण्यांना, बुडाचं मला. तिने कधी विचारलं नाही, मी कधी तक्रार केली नाही. मला वाटायचं धोंडस असंच असतं.

"मग मधलं कधी जमणार तुला, आयसारखं?"

तो थर्मामीटर पुसायला लागला. "ते चुलीवर दुसऱ्या वेळीच जमलं होतं."

"आणि हितकं दिवस काय करत होतास?"

"तुमी नाय म्हणत होता ना."

मी चुलीतले निखारे राखेने झाकले. तो टोपावर झाकण ठेवून, चष्मा पिशवीत भरून मोहोपाड्याला गेला. उद्याची सकाळची पाळी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला, टोप पुढे ओढला आणि बरोबर मधून तुकडा कापला. उभ्यानेच खाल्ला. मग विलासला फोन लावला. मागे यंत्रांचा घरघराट होता.

"वेलची जास्त पडलीय," मी म्हटलं.

"आय तेवढीच घालायची, बाबा."

बरं म्हटलं, फोन ठेवला, आणि दुसरा तुकडा बशीत घेऊन खाली बसलो.