इंदूमावशीची सिटिंग

इंदूमावशी बसमध्ये चढली की आधी जागा शोधत नाही, आधी जाहीर करते. "सरका बाप्पा जरा! अमरावतीले चालली मी, थोबाडाचं डांबरीकरण कराले!" अख्खी बस वळून बघते. मावशीच्या दोन्ही गालांवर जुन्या मुरुमांचे खड्डे आहेत, चांगले खोल, आणि ती ते बोट लावून दाखवतेसुद्धा. कंडक्टर ओशाळतो, बायका हळहळतात, आणि या सगळ्या गडबडीत मावशीला चिकटून, दुपट्ट्यात तोंड गुंडाळून बसलेल्या पोरीकडे कोणाचंच लक्ष जात नाही. सिटिंग असते त्या पोरीची. मावशीने स्वतःच्या गालाला आजवर पावडरीपलीकडे काही लावलेलं नाही.

आता आमच्या अकोल्यात स्किनचे डॉक्टर नाहीत असं नाही. आहेत, आणि चांगले आहेत. पण त्यांच्या जिन्यावर पोरगी दिसली की संध्याकाळपर्यंत 'तिले काहीतरी झालं म्हणते' अशी बातमी गावभर, आणि जमत आलेली सोयरीक लटकलीच म्हणून समजा. म्हणून अकोल्याची माणसं चेहऱ्यासाठी अमरावतीला जातात. अमरावतीची माणसं, नेमकं हेच कारण धरून, अकोल्याला येतात. बडनेऱ्याच्या अलीकडे दोन्हीकडच्या बसेस एकमेकींना ओलांडतात तेव्हा दोन्हीकडच्या खिडक्यांत गुंडाळलेली तोंडं दिसतात. परक्या माणसाला वाटतं, उन्हामुळे असेल.

मावशी तशी माझी कोणी लागत नाही. तिच्या बहिणीची पोरगी सोनू तिच्याकडे शिकायला राहिली, ती मावशी म्हणायची म्हणून सगळी कॉलनी म्हणायला लागली. मावशीने लग्न केलं नाही. नोकरी बसस्टँडवर, अनाउन्सरची. जन्मभर एका कोंदट खोलीत बसून तिने लोकांना गाड्यांचे फलाट सांगितले. गावाला तिचा आवाज पाठ, चेहरा मात्र फारसा कोणी पाहिलेला नाही. रिटायर झाली, पण आवाज काही रिटायर झाला नाही. ती आपल्या दूधवाल्याला "अर्धा लिटर!" म्हणते तेव्हा पलीकडच्या गल्लीतला दूधवालाही अर्धा लिटर मोजतो.

हे थोबाडाचं प्रकरण सुरू झालं सोनूपासून. सोनूचे मुरूम गेले, खड्डे राहिले. पोरगी आरसा टाळायला लागली. मावशी तिला घेऊन अमरावतीला निघाली, तर बसमध्ये नेमकी ओळखीची बाई. "काय व इंदू, कोणीकडं?" सोनूचं तोंड एवढंसं झालं. मावशीने स्टँडवरचा आवाज लावला, "कोणीकडं म्हणजे? माह्या थोबाडाचा इलाज कराले! पोट्टी सोबतीले हाये!" बाईने सरकून जागा करून दिली. हा उपाय असा काही लागू पडला की पुढे कॉलनीतल्या पोरींनी मावशीकडे नंबर लावले.

मग एक दिवस माझी पाळी आली. मी पतसंस्थेत कारकून. दोस्तांनी माझं नाव 'अनारसा' ठेवलं होतं, म्हणजे चेहऱ्याची कल्पना यावी. मी कोणाजवळ एक अक्षर बोललो नव्हतो. तरी मावशी फाटकातूनच गरजली, "कायले घरात बसून राहिला रे? चाल माह्यासंग अमरावतीले! मले एकटीले चक्कर येते!" मावशीला चक्कर येते हे सगळ्या गल्लीने ऐकलं. दोन बायका तर लिंबू घेऊन धावल्या.

दवाखान्यात पहिल्यांदा गेलो आणि हसावं की पळावं कळेना. सुयांचं यंत्र किंवा लेझर गालावरून फिरवण्याआधी बधिर करायचं पांढरं मलम थापतात, वरून पातळ प्लॅस्टिक चिकटवतात आणि बाहेर बसवून ठेवतात. त्या हॉलमध्ये सगळे सारखेच पांढरेफटक. बाई कोण, बुवा कोण, तेही साडीपँटवरून ओळखायचं. मावशीने पिशवीतून अंबाडीची जुडी काढली आणि सगळ्यांच्या मांडीवर वाटून टाकली. "रिकामे कायले बसता? पानं खुडा." निमूटपणे सगळी भुतं पानं खुडायला लागली.

माझ्या शेजारच्या भुताचा फोन वाजला. भूत म्हणालं, "हॅलो, हो, मी मूर्तिजापूरले कर्जाच्या रिकव्हरीसाठी आलो हाये. नाही नाही, शेतातच उभा हाये." माझ्या तोंडून 'साहेब!' निसटलं. तो आवाज आमच्या मॅनेजरांचा, इंगळे साहेबांचा होता. मी त्याच दिवशी आजी वारली असं सांगून रजा घेतली होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी साहेबांकडे पाहिलं. दोघांनीही मान खाली घातली आणि जुडी संपवली. आजीबद्दल साहेबांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

सुया फिरतात तेव्हा बधिर असूनही डोळ्यांत पाणी येतंच. बाहेर आलो की तोंड टोमॅटो झालेलं. डॉक्टरबाई शांतपणे सूचना द्यायच्या आणि मावशी त्या आमच्या भाषेत आणायची. "आयकलं? उनात फिराचं नाही, खाजवाचं नाही, अन् घंट्याघंट्याले आरशात पाहाचं नाही. आरसा कोठी पळून नाही जात."

फक्त डॉक्टरबाई मावशीवर कावलेल्या असायच्या. "मावशी, तुम्ही बसभर सांगता की माझ्याकडे इलाज चालू आहे. लोक तुमचा चेहरा बघतात आणि म्हणतात, इतकी वर्षं झाली, काडीचा फरक नाही. माझी बदनामी होतेय हो!"

"सांगते ना मी," मावशी म्हणायची, "का डॉक्टर चांगली हाये, माही जमीनच खडकाळ हाये."

हीच मावशी, जी परक्या बसला गाल दाखवत हिंडते, ती सोनूच्या व्हिडिओ कॉलवर कधी दिसत नाही, हे मला उशिरा कळलं. सोनू लग्न होऊन पुण्याला गेली. रोज फोन यायचा. मावशी फोन उताणा टेबलावर ठेवायची आणि बाजूला बसून बोलायची. सोनूला दिसायचा छताचा पंखा. विचारलं तर म्हणायची, "हात दुखते."

एकदा मी तिच्याकडे बसलो होतो तेव्हा फोन आला. सोनूचं लेकरू नुकतं बोलायला लागलं होतं. मावशी या बाजूने "ओ माह्या राजा!" करत होती आणि तिकडे ते लेकरू फोनकडे पाहतच नव्हतं. मान वर करून, त्यांच्या घरातल्या पंख्याकडे बोट दाखवून ओरडत होतं, "आजी! इंदू आजी!" मग त्याने पंख्याला पापी फेकली. सोनू हसून बेजार. "मावशी, अवं पाय ना, पंख्यालेच आजी म्हणून राहिला!"

मावशीही हसली. खूप मोठ्याने हसली. फोन बंद झाला. मग उठली आणि भर मे महिन्यात पंख्याचं बटन बंद केलं. मी घाम पुसत तसाच बसून राहिलो.

परत खुर्चीत टेकून ती म्हणाली, "सोनू दिवाळीले येऊन राहिली. तुह्या डॉक्टरीणबाईले इचार, माह्या वयात होते का म्हणून."

मी म्हणालो, "मावशी, लेकराला काय करायचंय खड्ड्यांशी? फोन नुसता हातात धर, ओळखेल तो."

"ते धरीन ना. पण मले एकदा माह्यासाठी जाऊन पाहाचं हाये." एवढं बोलून ती चहा ठेवायला उठली. इतक्या हळू बोललेली मावशी मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, पूर्ण जाणार नाहीत, पण बरेच भरून येतील. मावशी म्हणाली, "बरेच पुरे."

जायच्या दिवशी ती दुपट्टा गुंडाळून स्टँडवर आली. फक्त डोळे दिसत होते. बसमध्ये चढली, खिडकीशी बसली, पिशवी पोटाशी धरली. मी वाट बघत होतो, आता गरजेल, मग गरजेल. नाही. कंडक्टर ओळखीचा. "काय मावशी, आज आवाज नाही? आज कायचा इलाज?"

मावशी खिडकीबाहेर पाहायला लागली. इतकी वर्षं खोटं सांगताना बस दणाणून सोडणारी बाई, आज खरं सांगायची वेळ आली तर तिच्या तोंडून शब्द फुटेना.

मी उभा राहिलो. माझ्या सिटिंगा केव्हाच संपल्या होत्या, गाल बऱ्यापैकी सारखे झाले होते. तरी दोन्ही गालांवर बोटं ठेवून ओरडलो, "दोन अमरावती! माह्या थोबाडाची सिटिंग हाये! मावशी सोबतीले हाये!"

अख्खी बस वळून माझ्याकडे बघायला लागली. एक बाई हळहळली, "एवढ्या तरण्या पोराचं असं!" मावशीकडे कोणी बघत नव्हतं. तिने माझी बाही ओढली.

"हळू बोल ना बाप्पा," ती दुपट्ट्यातून पुटपुटली. "लोक आयकतीन."

मी आणखी मोठ्याने सांगितलं.