आठ फोटो, एक ससा

ज्योतीरामनं सगळ्या जन्मात एकदाच बढाई मारली, आणि तीही सशावरून.

एरवी माणूस अबोल. चिखलीत त्याच्याबद्दल म्हणत, की ज्योतीरामला विंचू चावला तर विंचवालाच ओरडावं लागेल. नवे पैसे यायच्या आदल्या सालची गोष्ट. पिंपरीच्या माळावर एक नवा कारखाना उभा राहिला होता आणि तिथं खोकी उचलायच्या कामाला लागून त्याला दोन वर्षं झाली होती. पण नोकरी अजून हंगामीच होती. (हंगामी म्हणजे काय, असं बायकोनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "म्हंजे पेरलंय, पर उगवतंय का न्हाई ते ठावं न्हाई.") कायम करायच्या माणसांची यादी त्याच महिन्यात वर जायची होती. यादी करणार होते गोदामाचे साहेब, उद्धवराव.

उद्धवराव पुण्याहून येत. मनाचे साधे, पण फोटोंचा भारी नाद. त्या दिवशी चहाच्या सुट्टीत ते कुणाला तरी सांगत होते, "पुण्यात आमचं प्रदर्शन आहे. सगळं मिळालं, मोर मिळाला, घोरपड मिळाली. पण ससा काही जवळून मिळत नाही. पन्नास पावलांवर असतानाच पळतो लेकाचा."

कपबशी हातात घेऊन कोपऱ्यात बसलेल्या ज्योतीरामच्या तोंडून, त्याला न विचारताच, शब्द बाहेर पडले. "आमच्या रानात तर ससं पायांत येत्यात, सायेब."

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. तो बोलतो हेच पुष्कळांना नवीन होतं.

"पायांत?" उद्धवराव उठूनच उभे राहिले. "मग तूच काढून आण! मी आलो की पळतात. तू घरचा माणूस."

घरचा माणूस खरा. पण नोकरी लागल्यापासून दोन वर्षांत ज्योतीरामनं रानात पाऊल टाकलं नव्हतं. सगळं रान बायको बघत होती. आणि ससा त्यानं शेवटचा कधी पाहिला होता, तर बाजारात, उलटा टांगलेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याच्या गळ्यात एक काळी पेटी अडकवली. "हा कॅमेरा. आठ फोटो निघतात. एक काढला की ही चावी फिरवायची, मागच्या लाल भोकात पुढचा आकडा येतो. वरच्या काचेत, असं खाली वाकून बघायचं. उन्हाकडं पाठ. आणि चार पावलांपेक्षा जवळ जाऊ नकोस, चित्र पुसट येतं."

"पर फोटू जवळनं पायजे ना, सायेब?"

"जवळूनच. पण जवळ जायचं नाही."

ज्योतीराम गेटापर्यंत यावरच विचार करत गेला. गेटावर त्याच्याबरोबर खोकी उचलणाऱ्या सोपानरावानं त्यात भर घातली. "ज्योतीराम, ससा घावला तर तू कायम. न्हाई घावला, तर जा घरी हरबरा राखायला." असं साहेब काही म्हणाले नव्हते. पण ज्योतीरामला ते साहेबांच्याच तोंडून ऐकल्यासारखं वाटलं.

घरी त्यानं बायकोला, दुर्गाबाईला, काही सांगितलं नाही. उगाच आशा लावायची आणि मग तोंडघशी पाडायचं, हे त्याला जिवावर आलं. पेटी त्यानं ज्वारीच्या कणगीत लपवली. लपवताना बोट कुठंसं लागलं, 'टक' आवाज झाला, आणि पहिला फोटो निघाला. ज्वारीचा.

तो आठवडा दुसऱ्या पाळीचा होता, म्हणून सकाळ मोकळी. ज्योतीराम उजाडताच निघाला.

"कुठं निघाला?" दुर्गाबाईनं विचारलं.

"रानात."

"कुणाच्या?"

"आपल्याच."

दुर्गाबाई चुलीपुढनं उठून दारात आली आणि तो दिसेनासा होईतो बघत राहिली. नवरा दारू प्याला असता तर तिला एवढं नवल वाटलं नसतं.

रानात हरभरा गुडघ्याच्या खाली, हिरवागार. ज्योतीराम बांधाला पोटावर पडून तास दीड तास ससा शोधत राहिला. ससा कुठंच नाही. शेवटी कंटाळून उठला आणि शेजारच्या ढेकळावर हात टेकला, तर ढेकूळ मऊ लागलं. मऊ लागलं, गरम लागलं, आणि पळून गेलं. ज्योतीरामनं घाईनं कळ दाबली. दुसरा फोटो निघाला तो सशाच्या रिकाम्या जागेचा. तिसऱ्यात धूळ आली.

म्हणून तो कुरुळीच्या भैरूतात्याकडं गेला. तात्यानं तरुणपणी जाळी लावून पुष्कळ ससे धरले होते.

"ससा दिवसा बसतो," तात्या म्हणाला. "त्याची ठरलेली जागा असती. आणि डोळं उघडं ठेवून झोपतो."

"मंग जागा असला म्हंजे?"

"तवाबी डोळं उघडंच."

"मंग झोपलाय का जागा हाय, वळखायचं कसं?"

तात्यानं बराच वेळ विचार केला. "जागा असला तर पळतो."

"आणि झोपला असला तर?"

"मंग जागा हुतो, आणि पळतो. पर ज्योत्या, एक ध्यानात ठिव. किती का पळंना, गोल फिरून त्याच जाग्यावर येतो."

हे मात्र ज्योतीरामला पटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं त्याच मऊ ढेकळाच्या जागेवर ससा हेरला आणि लांबूनच हळू आवाजात विचारलं, "झोपलास का?" ससा पळाला. तो इथंच माघारी येणार, म्हणून ज्योतीराम नेमका त्याच खळग्यात जाऊन बसला. ससा खरंच गोल फिरून आला. आपल्या घरात ज्योतीराम बसलेला बघून तो थबकला. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. यात कोण जास्त घाबरलं होतं ते सांगता येणार नाही, पण चौथा फोटो आभाळाचा निघाला.

सगळ्यात गोंधळाची गोष्ट वेगळीच होती. दिघीच्या लष्कराच्या माळावर सकाळी बंदुका चालत. त्या आवाजानं चिमण्या उडत, बैल कान टवकारत. ससा मात्र जागचा हलत नसे. आणि ज्योतीराम नुसता खोकला, की दोन शेतं पार. (लष्करापेक्षा आपली जरब जास्त आहे, असं मानून घेण्याचा त्यानं थोडा प्रयत्न केला. पण मन रमलं नाही.)

घरीही काही कळेना. दुर्गाबाई त्याला काही विचारत नव्हती, पण दोन दिवस झाले, भाकरीवर तूप जास्त पडत होतं. सणवार नव्हता. तूप खाताना ज्योतीरामला भीतीच वाटायला लागली.

तिसऱ्या दिवशी त्याला एक गोष्ट दिसली. सगळ्या रानात सशाच्या लेंड्या सगळ्यात दाट कुठं, तर बुजगावण्याच्या पायाशी! दुर्गाबाईनं सासऱ्याचा जुना कोट काठीवर चढवून, वर चुन्यानं डोळे काढलेलं मडकं पालथं घालून ते उभं केलं होतं. त्याला भिऊन कुत्री तिकडं फिरकत नसत, पाखरं उतरत नसत. एकटा ससा तेवढा त्याच्या सावलीत मजेत बसत असे.

ज्योतीरामच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं बुजगावणं उपटून बांधामागं आडवं केलं, बापाचा कोट अंगात घातला, मडक्याला डोळ्यांपाशी भोकं पाडून ते डोक्यात घातलं, काठी खांद्यावर आडवी घेतली, आणि उभा राहिला.

घटकाभरानं ससा आला. इकडं तिकडं हुंगलं, आणि ज्योतीरामच्या पायाशी येऊन बसला. अगदी पायाशी. त्याच्या मिशा अंगठ्याला लागत होत्या. ज्योतीरामला गुदगुल्या झाल्या, रडू आलं, साहेबांना दिलेला शब्द खरा झाला याचा आनंद झाला, आणि लगेच आठवलं: चार पावलं! ससा पायाशी आणि चार पावलं मागं सरकायचं कसं? बुजगावणं चालत नाही. तरी त्यानं एक हात कोटात आत घेऊन, गळ्यातली पेटी खाली वळवून, पाचवा, सहावा आणि सातवा फोटो काढला. सगळे पुसट येणार हे त्याला काढतानाच ठाऊक होतं. पण ससा एवढा विश्वासानं बसलेला असताना नुसतं उभं राहणं त्याला बरं दिसेना.

तेवढ्यात बोलण्याचा आवाज आला. दुर्गाबाई आणि शेजारची छबूबाई हरभऱ्याची भाजी खुडायला आल्या होत्या. ससा तुरूतुरू बांधाच्या गवतात गेला. बुजगावण्याला कुठं जाता येईना.

दोघी खुडत खुडत त्याच्याजवळ येऊन टेकल्या.

"तुझा दादला रोज रानात येतो म्हनं?" छबूबाई म्हणाली.

"येत्यात. पालथं पडून ऱ्हात्यात. काल ढेकळाला इचारत हुतं, झोपलास का म्हनून." दुर्गाबाईचा आवाज बारीक झाला. "छबूबाई, कामावरनं काढलंय वो त्यास्नी. सांगायची लाज वाटत असंल. दुपारी पाळीला म्हनून जात्यात, कुठं बसत्यात कुनास ठावं."

"मंग इचार की सरळ."

"इचारलं तर मान खाली घालतील. ते मला बघवत न्हाई. त्यापरीस म्या भाकरीवर जरा तूप जास्त वाढती, बाकी काय करू?"

आता ज्योतीरामला राहवेना. मडक्यातून, विहिरीतून यावा तसा, आवाज आला. "काढलं न्हाई गं! अजून कायम घेतलंच न्हाई!"

छबूबाई चिखलीच्या वाटेला कधी लागली ते दिसलंही नाही. एक चप्पल तेवढी मागं राहिली. दुर्गाबाई मात्र हलली नाही. तिनं हातातलं खुरपं उगारलं, आणि खुरप्याच्या दांड्यानं मडक्यावर टकटक केलं.

"कोन हाय?"

"मीच."

"आणि मामंजींचा कोट?"

"त्योबी मीच."

मग त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं: बढाई, पेटी, सोपानराव, यादी, चार पावलं. एका दमात एवढं तो लग्नानंतर प्रथमच बोलत होता. दुर्गाबाई ऐकत होती. आधी तिनं डोळ्याला पदर लावला, मग तोंडाला लावला, आणि पदराआड खांदे हलायला लागले.

"अवो, सशासाठी कुरुळीला गेला? मला इचारायचं हुतं की! वरीसभर माज्यासमोर बसतंय ते. त्याच्याकडं बघायचं न्हाई. नव्या सुनेगत असतंय त्याचं. टक लावली की घरात पळायचं. आपून आपलं काम करत ऱ्हायचं, मंग आपसूक बसतंय."

"मंग फोटू कसा काढायचा? बघायला तर पायजे."

"बघू ती पेटी."

तिनं पेटी हातात घेतली, वरच्या काचेत खाली वाकून पाहिलं, आणि हसली. "ह्यात तर खालीच बघायचं असतंय. खुडल्यागत." पेटी तिनं भाजीबरोबर ओटीत घातली. "उभं ऱ्हावा आता. हलू नगा."

"किती येळ?"

"ससा सांगंल."

ज्योतीराम पुन्हा हात पसरून उभा राहिला. दुर्गाबाई उन्हाला पाठ करून, लांबून, शेंडे खुडत बसली. एक वाफा, दुसरा वाफा. सशाकडं तिनं एकदाही मान वर केली नाही. ससा गवतातून निघाला, जरा थांबला, आला, आणि बुजगावण्याच्या पायाशी बसून कान साफ करायला लागला. ज्योतीरामच्या कोटाच्या मानेत मुंगळा शिरला होता. तो पाठीवरून खाली खाली चालला होता आणि कुठवर जाणार याचा ज्योतीरामला अंदाज येत होता. त्यानं दात आवळले. कायम. कायम. कायम.

चार पावलांवर दुर्गाबाईचा हात थांबला. ती ओटीत वाकली. 'टक.'

सशानं मान वळवून पाहिलं, आणि पुन्हा कान साफ करू लागला.

आठवड्यानं उद्धवरावांनी ज्योतीरामला ऑफिसात बोलावलं. टेबलावर फोटो मांडले होते. ज्वारी. रिकामा खळगा. धूळ. आभाळ. मग तीन धुकट, ज्यांत केसाळ असं काहीतरी होतं आणि एक भलामोठा अंगठा. दारातून सोपानराव डोकावत होता.

साहेबांनी आठवा फोटो उचलला. त्यात एकूण एक केस दिसत होता. सशाच्या डोळ्यात आभाळाचा ठिपका सुद्धा.

"ज्योतीराम, हा प्रदर्शनात पहिला लागणार! कुणी काढला?"

"मंडळीनं, सायेब." तो थांबला. आता विचारलं नाही तर पुन्हा कधी विचारणार नाही, हे त्याला कळत होतं. "मंग... माझं नाव, कायमच्या यादीत..."

"तुझं नाव?" उद्धवराव गोंधळले. "ते तर तुला कॅमेरा दिला त्याच्या आदल्याच दिवशी गेलं. कायम होणार नसतास, तर एवढी महागाची वस्तू तुझ्या गळ्यात कशी घातली असती?"

ज्योतीराम अंगावर मुंगळा चालल्यासारखा जरा हलला. दारात सोपानराव दिसेनासा झाला.

साहेब अजून फोटोच न्याहाळत होते. "ससा बघ कसा बिनघोर बसलाय! एक तेवढं खटकतं. हे बुजगावणं फार बेंगरूळ झालंय. पाय वाकडे, पोट पुढं, खांदे पडलेले. अरे, बुजगावणं कसं, जरा माणसासारखं तरी दिसायला नको? कुणी केलं हे?"

ज्योतीरामनं फोटोकडं नीट पाहिलं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"आमच्या आईनं, सायेब," तो म्हणाला. "जुनं झालंय आता."