राजपुत्राचा हात

खांद्यापाशी, प्लॅस्टरच्या कडेखालून, एक केस बाहेर आला होता. काळा, आखूड आणि कोरडा. ताईने चष्मा कपाळावर सरकवून तो जवळून पाहिला. तेल लागलेला केस कातडीला चिकटून बसतो; हा ताठ उभा होता. बाहेरचा कोरडा तर आतलेही कोरडेच असणार. ती महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची, त्यामुळे पुढचं अनुमान काढायला तिला वेळ लागला नाही.

"आधी तेल नाही लावलं?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मुद्दामच नाही लावलं," शिल्पकार म्हणाला. "तेलाने पोत बुजतो."

धाकटा भाऊ कार्यशाळेच्या मधोमध स्टुलावर बसला होता. त्याचा उजवा हात बोटांपासून खांद्यापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता, तळवा समोर करून वर उचललेला. मजबुतीसाठी आत गोणपाटाच्या पट्ट्या होत्या आणि बाहेरून लोखंडी सळई. हा हात राजपुत्राचा होता. नव्या ग्रंथालयाच्या दारात महाकाव्यातला शेवटचा प्रसंग उभा करायचा होता: वृद्ध राजा रणांगणावर पडला आहे, पण आपला ध्वज फडकताना दिसतो तोवर त्याचा प्राण जात नाही, आणि अखेर मुलगा हात वर करून सैनिकांना सांगतो, ध्वज उतरवा. जुन्या शिल्पांतले वीर लोण्याच्या गोळ्यासारखे गुळगुळीत असतात, आजच्या वीराला रंध्रं हवीत, केस हवेत, असं शिल्पकाराचं मत होतं. ग्रंथालयाच्या समितीला ते फार आवडलं होतं. रंध्रं उत्तम उठली असावीत. फक्त साचा हातावरून निघत नव्हता.

"अजून एकदा ओढून बघू का?"

"नको भावोजी," धाकटा म्हणाला. "मघाशी ओढलात तेव्हा मला आई दिसली."

आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

छिन्नी लावावी की गरम पाणी, यावर नवराबायकोचा वाद चालू असतानाच इस्पितळातून फोन आला. बाबा व्हेंटिलेटरवर होते. मेंदू आता पुन्हा काम करणार नाही, हे डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. यंत्र चालू ठेवायचं की काढायचं, एवढं दोन्ही मुलांनी मिळून सांगायचं राहिलं होतं. ताई दर भेटीत आणखी एक तपासणी मागायची. धाकटा म्हणायचा, ताई ठरवेल तसं. ताई म्हणायची, त्यालाही विचारायला हवं. दोघं एकमेकांच्या आड असे लपले होते की डॉक्टरांना समोर कोणीच दिसत नव्हतं. आज त्यांनी तोडून सांगितलं, दोघं या आणि उत्तर घेऊन या.

गाडीत हात मावेना. शेवटी धाकट्याला मागे उजवीकडे बसवून तो हात खिडकीतून बाहेर काढला. रस्त्याने लोक ओळख असल्यासारखे हात हलवू लागले. एका चौकात मागची बस बराच वेळ थांबून राहिली. हा माणूस आपल्याला थांबवतोय असं तिच्या चालकाला वाटलं होतं. सळई हलली की धाकट्याच्या काखेतले केस ओढले जायचे आणि तो ओठ चावायचा. ताईला हसू येत होतं आणि त्या हसण्याची लाजही वाटत होती.

"ताई, बाबांनी हा प्रसंग कधी सांगितलाच नाही ना गं?" धाकट्याने मध्येच विचारलं.

नव्हता सांगितला. बाबा शिंपी होते. शिलाई यंत्र चालवता चालवता अख्खं महाकाव्य त्यांनी पोरांना ऐकवलं होतं, पण राजा पडला की त्यांचा पाय थांबायचा. म्हणायचे, पुढचं उद्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. मग शेवट ज्याने त्याने बाहेरून मिळवला. धाकट्याच्या चित्रकथेत राजा उठून बसत होता. ताईच्या पाठ्यपुस्तकात धडा मरणाच्या आधीच संपत होता आणि खाली प्रश्न होता, राजपुत्राच्या मनाची घालमेल तुमच्या शब्दांत लिहा. शिल्पकाराने तरुणपणी पाहिलेल्या नव्या नाटकात तर राजपुत्र हात वर करतच नाही, विंगेत पळून जातो.

"ते नाटक मला पटलं होतं," धाकटा म्हणाला.

इस्पितळाच्या दारात रखवालदाराने हात पाहिला आणि काही विचारायच्या आत चाकाची खुर्ची पुढे केली. आपण रुग्ण नाही, असं धाकटा सांगत राहिला. सगळेच तसं म्हणतात, असं रखवालदाराने त्याला समजावलं. हाडांच्या विभागात त्याच्या डाव्या मनगटावर रुग्णाची पट्टी बांधली गेली. प्लॅस्टर कापणाऱ्या माणसाने करवत हातात घेतली, सळईवर टकटक केलं आणि करवत खाली ठेवली.

"हे कुठल्या डॉक्टरने घातलं?"

शिल्पकाराने आपणच घातल्याचं सांगितलं, आणि रंध्रांचंही. त्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं.

"आधी तेल लावायचं असतं," तो म्हणाला. गोणपाट भिजवून, सावकाश, संध्याकाळपर्यंत निघेल, पण ओढाओढ केली तर कातडी जाईल, असं त्याने बजावलं.

तेवढा वेळ नव्हता. अतिदक्षता विभागाच्या दारात परिचारिकेने पट्टी वाचली. रुग्णाला दुसऱ्या रुग्णाच्या भेटीला सोडता येत नाही, असा नियम होता. ताईने आयुष्यात पहिल्यांदा कात्री मागून न घेता उचलली आणि पट्टी कापून टाकली. शिल्पकार बाहेर थांबला. खुर्ची आत गेली.

आत यंत्राचा आवाज एकसुरी होता, कोणीतरी लांब, सरळ शिवण घालत असल्यासारखा. डॉक्टर आले. त्यांनी धाकट्याच्या उंचावलेल्या हाताकडे पाहिलं.

"तुम्हाला काही विचारायचं आहे?"

"नाही," धाकटा म्हणाला. "तो तसाच आहे सकाळपासून."

डॉक्टरांनी मान डोलावली. या नोकरीत त्यांनी याहून चमत्कारिक नातेवाईक पाहिले असावेत. कालची तपासणी ताईच्या मागणीवरून झाली होती, आणि तिच्यातही काही बदल नव्हता. ताईने आकडे वाचले. मग पुन्हा वाचले. आणखी कोणती तपासणी राहिली आहे, हे ती मनात शोधू लागली. एकही सापडेना.

"ताई," धाकटा हळूच म्हणाला, "हात मी करून बसलोय. बोलायचं तेवढं तू बोल. माझ्याच्याने नाही व्हायचं."

तिने बाबांकडे पाहिलं. तोंडातली नळी जागेवर राहावी म्हणून रुंद चिकटपट्टी गालावरून थेट मिशीवर लावली होती. बाबांना त्या मिशीचा अभिमान होता. दुकान उघडण्याआधी ते ती विंचरायचे. पट्टीच्या कडेखालून एक केस बाहेर आला होता. पांढरा, आखूड आणि कोरडा. ताईने चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ त्या केसाकडे पाहत राहिली.

"मग काय ठरलं तुमचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काढा," ताई म्हणाली. आवाज वर्गात निघतो तसाच, स्पष्ट निघाला. "यंत्र काढा. फक्त ती पट्टी ओढू नका. आधी तेल लावा."