लिंबाखालचा कौल

"बायाबी उभ्या राहणार?" उकंडरावांनी पुन्हा विचारलं.

"बराबर! बायासुद्धा," तहसिलीतून तपासणीला आलेले गिरदावरसाहेब म्हणाले.

निजामाच्या अमलातला चैत्र होता. पुसेगावजवळच्या त्या वाडीत नवी पंचायत होऊन साल झालं होतं आणि उकंडराव तिचे सरपंच होते. पंचायतीचं काम कसं आहे, ते गावानंच समोर उभं राहून सांगायचं, असा वरून हुकूम आला होता. साहेबांनी चावडीपुढच्या लिंबाच्या बुंध्यालगत काठीनं लांब रेघ ओढली. "काम पसंत, ते उगवतीला. नापसंत, ते मावळतीला. नापसंत जास्त निघाले, तर पंचायत बरखास्त!"

सकाळचं ऊन चटके देत होतं आणि झाडाची सावली मावळतीला पडली होती. सगळं गाव तिकडं जाऊन उभं राहिलं. उगवतीला उकंडराव एकटेच.

"नामाजी, अरे काहून? तुझ्या वाटंवर मुरूम म्या टाकला ना?"

"टाकला की. झ्याक टाकला."

"मंग तिकडं कसा?"

"हितं बरं वाटून राहिलं."

उकंडरावांना काही उमगेना. साहेब म्हणाले, "गावाला विचार करू द्या. जेवून येतो, मग मोजतो."

साहेब जेवले आणि तिथंच लवंडले. इकडं उकंडरावांनी घसा बसेपर्यंत भाषण केलं. दुपार कलली, तशी सावली सरकली, अन् सावलीमागं माणसं. मल्हारी आला, नामाजी आला, पाहता पाहता गाव उगवतीला आलं. आपल्या बोलण्याची ही करामत पाहून उकंडरावांची छाती फुगली. डोळे चोळत आलेले साहेब मात्र चक्रावले.

मावळतीच्या बाजूला, उन्हात, एकच बाई उरली होती. कमरेवर घागर, डोक्यावर पदर. उकंडरावांची बायको, पार्वतीबाई.

"अगं, तू चुकलीस का?"

"चुकले न्हाई. आडाचा रहाट मोडून महिना झाला. हातानं शेंदून फोड आले आमाला!"

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. शालूबाई रेघ ओलांडून तिच्याकडं निघाली, तिच्यामागं यशोदाबाई, मग सगळ्याच.

"अगं, हळू बोल!" म्हणत उकंडराव बायकोला गप्प करायला धावले. त्यांचे दोन्ही पाय रेघेपलीकडं पडले आणि साहेब ओरडले, "बस! आता कोणी हलू नका!"

मोजणी झाली. एका डोक्यानं पंचायत बरखास्त झाली.

"साहेब, ते डोकं माझं हाय!" उकंडराव कळवळले.

"आपलीच नापसंती? वाह, काय इमानदारी!" साहेब गहिवरून म्हणाले आणि घोड्यावर बसले.

उकंडराव उन्हात तसेच उभे. पार्वतीबाईंनी घागर सावरली.

"आता रिकामेच हात ना तुमी? चला, रहाट बसवून द्या."