सरकीवरचा बर्फ

आमच्या गोठ्याला दार न्हाई, ह्याचं कारण माझा मेव्हणा नागोराव. ते दार त्यानं बर्फावरून घसरायला नेलं. परभणीत. चैताच्या महिन्यात.

हा पेडगावच्या जत्रेतला पळणारा गडी. भर उन्हात, अनवाणी, वेशीपासून मारुतीपर्यंत. सात साल पहिला नारळ त्याचाच. आठव्या साली एक नवा गडी पुढं गेला. नागोरावानं चाळिशी ओलांडली होती, पण चूक निघाली उन्हाची. "ह्यो उन्हाळी खेळच हलका," म्हणाला आणि पळणं सोडलं.

मग पिंगळीच्या टेसनावर त्याला कुण्या साहेबानं टाकलेला चित्रांचा कागद घावला. बर्फाचा उतार, दोन गडी एक खोकं ढकलत पळतायत आणि पळता पळता आत उड्या टाकतायत. टेसनमास्तरानं सांगितलं, एक पुढं बसतो, एक मागं. नागोराव धापा टाकत माझ्याकडं आला. "दाजी, पळणाऱ्याचाच खेळ हाय. थोडं पळायचं, मग नुसतं बसायचं." चाळिशीच्या माणसाला ह्याहून सोयीचा खेळ कोण काढून देणार?

बर्फ त्यानं जन्मात एकदा पाहिलेला. साहेबाच्या मेजवानीला हैदराबादच्या गाडीनं भुशात घालून आला होता. त्यातला एक खडा ह्यानं अक्काला दाखवायला धोतराच्या सोग्यात बांधला. घरी पोचला तो नुसतं ओलं धोतर घेऊन. गावानं काय समजायचं ते समजून घेतलं.

अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, आमची मंडळी. आई गेल्यावर हिनंच त्याला कडेवर वाढवलं. लग्नात हुंडा म्हणून मला तोच मिळाला.

परभणीच्या जिनिंगात तो हमाल. तिथं सरकीचा ढीग माडीएवढा, वर कापसाची लव राहिलेली, पांढराफेक. बर्फाची सोय झाली. दाराला खालून करडईचं तेल चोपडलं, तेबी आमच्याच घरचं. पहिल्या दिवशी एकटाच घसरला आणि कमरेपर्यंत सरकीत रुतला. तरी खूश न्हाई. "एकट्याचा खेळ न्हाई ह्यो. पुढं एक, मागं एक. कायदा हाय."

हमालांना विचारलं, मुनीमाला विचारलं. हा काय तमाशा म्हणून चौकशीला आलेल्या जमादारालाबी विचारलं, "बर्फ का खेल है, हुजूर. आगे बैठो." जमादारानं एकदा सूर्याकडं पाहिलं, एकदा नागोरावाकडं, आणि पाणी पिऊन निघून गेला. मला तर रोज विचारायचा. मी म्हणायचो, आधी गोठ्याचं दार आण.

हिचे पाय त्या साली पार गेले होते. बाजेवर उचलून ठेवावं लागायचं. एका सकाळी नागोराव आला आणि माझ्याकडं न बघता तिच्यापुढं उकिडवा बसला.

"अक्का, पुढची जागा मोकळी हाय."

मी जे बोललो ते कागदावर लिहिण्याजोगं न्हाई. ही म्हणाली, "तुमी गप बसा. नागू, मला वर कोण नेणार?"

"तू न्यायची की मला."

पाठीवर घेऊन तो ढिगावर चढला. पदर खोचून ही पुढं बसली. सारं जिनिंग काम टाकून बघायलं. दार सुटलं आणि ही हसली. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला तसं कधी हसवलं न्हवतं. लय राग आला मला.

दिवाळीच्या आधी ती गेली.

औंदा ढीग पुन्हा माडीएवढा झाला, तेव्हा नागोराव दार खांद्यावर घेऊन आमच्या अंगणात आला. तेल पुसून, राखेनं घासून.

"घ्या तुमचं दार, दाजी. खेळ सोडला."

"का रं?"

"पुढं बसा म्हणून कुणाला इचारूच वाटंना."

मी घरात जाऊन करडईच्या तेलाचं भांडं आणलं. त्याला म्हणालो, दार उचल.

ढिगावर चढताना माझे गुडघे बोलायला लागले. त्यानं पाठ वाकवली. मी चालतच चढलो आणि पुढं बसलो. तो चार पावलं पळाला, मागं बसला. दार सुटलं तसं त्यानं मागून माझ्या पोटाला दोन्ही हातांची मिठी मारली, आणि खाली थांबल्यावरबी सोडली न्हाई.

मीबी सोड म्हणालो न्हाई.