जड विषय काठावर ठेवावेत

"आराम करायचा तर मन लावून कर. अर्धवट केलेला आराम अंगी लागत नाही."

औषधवालीच्या वडिलांचं हे सांगणं होतं. ते स्वतः औषधांच्या कपाटाला टेकून उभ्याउभ्याच डुलकी काढत, तीही गिऱ्हाईक नसेल तर. त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द प्रमाण मानायला हरकत नाही.

आळस आपोआप होतो. आरामाला मात्र नेम लागतो, शिस्त लागते आणि एक शिट्टी लागते. औषधवाली, शिंपीण, चष्मेवाला आणि कप्तान या शाळेपासूनच्या चौघा मित्रमैत्रिणींना हे पटलेलं होतं, म्हणून कालव्यावर होड्या वल्हवायच्या आणि काठावर तंबू ठोकून राहायचं, अशा दोन निवांत दिवसांसाठी त्यांनी महिनोन्‌महिने जिवाचं रान केलं. (या खटपटीत चष्मेवाल्याची पाठ धरली. ती आरामात सुटेल, असं सर्वानुमते ठरलं.) शिट्टी कप्तानाकडे होती. कप्तान म्हणजे जमीन मोजणी कार्यालयातला मोजणीदार. होडीत तो आजवर बसला नव्हता, पण टोपी त्याच्याकडेच होती.

सहल होती शिंपिणीसाठी. तिचं हल्ली कशात चित्त नव्हतं; परवा तिने एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या शिवल्या. कारण साधंच होतं. पोटाचं ऑपरेशन करून घ्यायचं की नाही, हे तिला सोमवारी सकाळी डॉक्टरांना सांगायचं होतं. विचारायला ती औषधांच्या दुकानात दोनदा येऊन गेली, तर दोन्ही वेळा गर्दी.

"अगं, असं उभ्याउभ्या नको," औषधवाली म्हणाली होती. "शनिवारी पाण्यावर निवांत बोलू. शब्द देते तुला."

शनिवारी काठावर कप्तानाने नियम सांगितले. वल्हवताना चेहरा हसरा असावा. शिट्टी झाली की सगळ्यांनी एकदम सैल व्हावं, आणि पुढच्या शिट्टीपर्यंत कोणी ताठ होऊ नये. जड विषय काठावर ठेवावेत, कारण होड्या हलक्या आहेत. मग वजनांचा मेळ बसावा म्हणून त्याने दोघी मैत्रिणींना वेगवेगळ्या होड्यांत बसवलं.

"अगं ए, सोमवारी डॉक्टर..." शिंपिणीने मागच्या होडीतून सुरुवात केली.

शिट्टी.

"जड विषय!" कप्तान ओरडला.

"जड कुठला रे मेल्या? पोटाचाच तर आहे."

"मग तर फारच जड. आत्ताच जेवलोय आपण."

सगळे हसले. शिंपीणही हसली. (हसरा चेहरा नियमातच होता.) संध्याकाळी शेकोटीशी तिने पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा सैल होण्याची वेळ चालू होती. औषधवालीने तिच्याकडे पाहिलं आणि नियम मोडू नये म्हणून डोळे मिटून घेतले.

दिवसभराचा साधारण हिशेब असा: बारा आणे वेळ सामान चढवण्या-उतरवण्यात, तीन आणे आपण किती निवांत आहोत याचे फोटो काढण्यात. उरलेला एक आणा आराम डासांच्या वाट्याला गेला.

रविवारी सकाळी कप्तानाने गटाचा निवांतपणा मोजला. तिघे पुरते निवांत, चौथी पाव हिश्श्यालाही नाही. सरासरी घसरत होती, आणि घसरलेली सरासरी बघून मोजणीदाराला घास गोड लागत नाही.

"हे बघ," तो शिंपिणीला मायेने म्हणाला, "हे सगळं कुणासाठी चाललंय? तुझ्यासाठीच ना? मग तुझ्यामुळे त्याचा विचका व्हायला नको."

"नको रे बाबा," शिंपीण म्हणाली. "मी बसते तंबूपाशी. त्याचा एक कोपरा उसवलाय, तेवढा शिवून टाकते. या तुम्ही जाऊन."

ती होडीतून खाली उतरली आणि सरासरी तत्क्षणी वर चढली. जिच्यासाठी सहल काढली ती वगळली की सहल यशस्वी होते, हे शास्त्र इतके दिवस कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही, याचंच नवल. वळण येईपर्यंत तिघांनी हात हलवले. तिनेही हलवला, सुईचा.

वळणापुढे कप्तान आणि चष्मेवाला एका होडीत होते, औषधवाली दुसरीत एकटी.

"एकटीच बसली असेल रे ती," औषधवाली म्हणाली. "उद्या काय सांगायचं या काळजीत..."

"जड!" चष्मेवाला पाठ चोळत म्हणाला. "परत गेल्यावर बोला की निवांत."

वाचकहो, कप्तानाला किंवा चष्मेवाल्याला नावं ठेवण्याची घाई करू नये. 'निवांत बोलू' हे आपणही कुणाला ना कुणाला सांगून ठेवलेलं आहे. ते माणूस आत्ता कुठल्याशा काठावर बसलं असेल, आणि आपण हे वाचत असल्यामुळे, मध्येच हाक नको म्हणून गप्प असेल. मोठं समजूतदार असतं बिचारं.

शिट्टी झाली. पुढच्या होडीतले दोघे डोळे मिटून, नियमाप्रमाणे, एकदम सैल झाले.

औषधवालीने पाण्याचा आवाज होऊ न देता वल्हं दुसऱ्या बाजूला घातलं आणि होडी तंबूच्या दिशेला वळवली.