हमीदभाईंची छत्री

हमीदभाई दुकानात शिरले की आधी खिशातून लोहचुंबक काढतात. सलाम नंतर.

राजापेठेत माझ्या शिकवणी वर्गाच्या खालच्या गाळ्यात ते चाळीस वर्षं विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करत होते. सारं आयुष्य तांब्याच्या तारेत गेलेलं. आता दुकान बंद आहे, पण कोणी 'तांबं' म्हणालं की त्यांचा हात खिशाकडे जातोच. त्यांचा दुसरा नियम म्हणजे दर महिन्याला पैसे भरावे लागतील असं काही घरात आणायचं नाही. पेपरसुद्धा ते सलूनमध्ये वाचतात. "सर, जे वस्तू मयन्याच्या मयन्याले पैसे मांगते ना, ते वस्तू नाही, जावई होय."

असा माणूस एक दिवस मला म्हणाला, "सर, ते टीव्हीची फुकटातली छत्री कशी असते हो? एकडाव लावली का भाडंच नाही म्हणते."

मला वाटलं, आठवड्यात काम होईल. दीड महिना लागला.

पहिल्या दुकानदाराने तीन फुटी छत्री पुढे केली.

"दोन फुटीवर चित्र येत नाही का?"

"येते ना, पण..."

"मंग वरचा एक फूट काय मी डोक्शावर धरू?"

दुसऱ्याने 'अस्सल तांब्याची' वायर दाखवली. चुंबक टच्चकन चिकटलं. "भाऊ," हमीदभाई हळहळले, "या तांब्याचं माहेर लोखंडाचं दिसते."

छत्री अखेर भंगारात मिळाली. लोकांनी गच्चीवरून उतरवलेल्या छत्र्यांचा तिथे ढीग होता. हमीदभाईंनी प्रत्येकीच्या तोंडावर दोन दोरे ताणले, एक उभा, एक आडवा. दोरे मधोमध टेकले तर छत्री सरळ, फट राहिली तर वाकलेली. सातवी पास झाली. सेट-टॉप बॉक्स मात्र त्यांनी नवा, चांगल्यातला घेतला. "जुन्या डब्यात आर्धे चॅनल दिसत नाहीत. इथं कंजुषी नाही कराची." त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

रविवारी सकाळी माझ्या स्कूटरला छत्री बांधून ते मागे बसले. "चला, तिवस्याले."

"तिवस्याला? तुमच्या घरी नाही लावायची?"

"माह्या घरी टीव्हीच कुठं हाये?"

तिवस्याला त्यांची मोठी बहीण राहते. आई गेल्यावर तिनेच हमीदभाईंना वाढवलं. ते तिला आपा म्हणतात. गेल्या वर्षी आपाचे यजमान वारले, तेव्हापासून ती कोणाशी बोलत नव्हती. दोघं नवरा-बायको रोज दुपारी टीव्हीवर जुनी गाणी पाहायचे. पुढे गल्लीतली केबलही बंद झाली. सून देईल ते खायचं आणि त्या बंद टीव्हीपुढे बसून राहायचं, एवढंच आपाचं चाललं होतं.

हमीदभाई गच्चीवर चढले. मी टीव्हीपुढे, आपाच्या शेजारी. छत्रीचं तोंड आग्नेयेकडे.

"आया क्या?" वरून हाक.

"नाही!"

नट सैल केला, छत्री बोटभर सरकवली, नट आवळला. "आया क्या?" "नाही!" ऊन डोक्यावर आलं. पडद्यावरचा सिग्नलचा पट्टा काही हलेना. सून दारातून ओरडली, "मामू, जेवून घ्या, मंग पाहा!" वरून उत्तर म्हणून फक्त पान्याचा आवाज.

आणि एकाएकी पट्टा हिरवा झाला. पडद्यावर एक बाई झाडाला टेकून गात होती. ओरडून सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. खरखरीत, पण खणखणीत.

"आया रे, आया! अब नीचे उतर, गिरेगा!"

सून ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली. गच्चीवर पाना खाली पडला.

"आपा," वरून हाक आली, "सुनाई नहीं दिया. आया क्या?"

"आया बोली ना!"

हमीदभाईंनी तेच आणखी तीनदा विचारलं. आपाने तिन्ही वेळा उत्तर दिलं, दर वेळी आधीपेक्षा मोठ्याने.